खुडबुड्यांचा उसासा

खुडबुडे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. टेलिव्हिजन केंद्रात नोकरीला लागून तीन आठवडे होत नाहीत तोच कुणीतरी ते त्यांना चिकटवलं, आणि ते असं काही बसलं की पोस्टमनपासून सासरेबुवांपर्यंत सगळे त्यांना खुडबुडेच म्हणू लागले. पुढे लग्न झालं तशी त्यांची बायको आपोआप खुडबुडेबाई झाली. तिने सुरुवातीला नाक मुरडलं, मग तिलाही सवय झाली. खरं आडनाव निवृत्तीच्या कागदांवर तेवढं उरलं.

नाव मात्र कामाला शोभणारं होतं. केंद्राच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरक्या छताच्या खोलीत बसून चौतीस वर्षं त्यांनी फक्त आवाज केले. नाटकात कुणी चाललं, दार लोटलं, पेला फोडला, तर तो आवाज खुडबुड्यांचा. खोलीत वाळूचा एक ट्रे, खडीचा एक, वाळलेल्या पानांचा एक. मधोमध एक नुसतंच दार उभं, आजूबाजूला भिंत नाही, आणि त्याला पाच तऱ्हेच्या कड्या. ढगांच्या गडगडाटासाठी छताला टांगलेला पत्रा. कोपऱ्यातल्या मांडणीवर बुटांचे बावीस जोड, त्यातले नऊ बायकांचे. नायिका नाजूक पावलांनी जिना उतरायची तेव्हा त्या उंच टाचांमध्ये खुडबुड्यांचे भलेमोठे पाय कोंबलेले असायचे. आणि नायक-नायिकेचं प्रेम फारच पुढे गेलं तर साबणाने स्वच्छ धुतलेलं स्वतःचं मनगट तोंडाशी नेऊन ते काम उरकायचे. "आमच्या खात्यात सगळ्यात जास्त मुके मी घेतलेत," असं ते निवृत्तीच्या निरोपसमारंभात गंभीर चेहऱ्याने म्हणाले होते, आणि खुडबुडेबाईंनी पहिल्या रांगेत बसून कपाळाला हात लावला होता.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट घडली ती नोकरीच्या तिसऱ्या वर्षी. केंद्राला एक रिकामी वेळ भरून काढायची होती. ठरलेला कार्यक्रम ऐनवेळी रद्द झालेला, आणि वरिष्ठांनी सांगितलं, सहा दिवसांत दीड तासाचा एक चित्रपट उभा करा. ज्या दिग्दर्शकाच्या गळ्यात हे घोंगडं पडलं तो स्वतःला फार मोठा कलावंत समजे. त्याने एका बैठकीत गोष्ट लिहून काढली आणि नाव ठेवलं 'उरलेला निरोप'. गोष्ट अशी: एक तरुण टायपिस्ट बंद पडलेल्या तार-कचेरीत कामाला येते. तिथे पूर्वीच्या तारमास्तराचं भूत असतं. एक तार पोचवायची राहून गेली म्हणून त्याचा जीव अडकलेला. भूत तारयंत्रावर कडकट्ट करतं, ती टाइपरायटरवर उत्तर देते, आणि दोघांचं प्रेम जमतं.

भुताचं काम करायला एक देखणा नट ठरला होता. पण पहिल्याच दिवशी त्याचं आणि दिग्दर्शकाचं बिनसलं. कारण क्षुल्लक होतं: भुताला मिशी असावी की नसावी. नट मिशी काढेना, दिग्दर्शक मिशीवाल्या भुतावर प्रेम बसेल हे मान्य करेना. शेवटी नट म्हणाला, मी शेवटच्या दिवशी येऊन चार मिनिटं उभा राहीन, तेही मिशीसकट. झालं. नव्वद मिनिटांच्या चित्रपटात शहाऐंशी मिनिटं भूत दिसणारच नव्हतं. दिग्दर्शक तावातावाने तळमजल्यावर उतरला आणि खुडबुड्यांना म्हणाला, "आता भूत तुम्हीच."

खुडबुड्यांनी चार दिवसांत ते भूत घडवलं. पावलांसाठी त्यांनी तळवा झिजलेला एक बूट आणि एक धड बूट असा विजोड घातला. त्यामुळे भूत किंचित लंगडतंय असं वाटे आणि ऐकणाऱ्याला उगाच माया येई. खुर्ची ओढली, खिडकीचा पडदा सळसळवला, तारयंत्र वाजवलं. सगळं जमलं. अडलं ते एका उसाशावर. टायपिस्ट कामाचा पहिला दिवस संपवून दिवा मालवते आणि अंधारातून भुताचा उसासा येतो, असा प्रसंग होता. दिग्दर्शकाला त्या उसाशात "विरह, क्षमा आणि अनंत काळ" एवढं सगळं हवं होतं. खुडबुड्यांनी लोहाराचा भाता आणला. नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा हळूहळू सोडली. नाही. ओल्या कापडावर फुंकर मारली. तेही नाही. सकाळी नऊला सुरू झालेलं काम दुपारचे तीन वाजले तरी चालूच. खुडबुड्यांचा डबा शेजारच्या स्टुलावर तसाच पडलेला. दिग्दर्शक म्हणाला, "पुन्हा एकदा, पण आत्म्यातून." खुडबुड्यांनी डब्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांच्याही नकळत पार पोटातून एक लांब, थकलेला, कुणालाही दोष न देणारा उसासा बाहेर पडला. मायक्रोफोन चालूच होता.

दिग्दर्शकाने डोळे मिटले. "हाच," म्हणाला. "हाच तो अनंत काळ."

खुडबुडे जेवायला बसले.

चित्रपट एकदाच दाखवला गेला. त्या काळी फिती महाग असत, म्हणून काही दिवसांनी जुनं पुसून त्याच फितीवर नवं भरत. 'उरलेला निरोप' पुसला गेला आणि त्यावर गुरांच्या आजारांविषयीची व्याख्यानमाला चढली, असं केंद्रात सगळे समजून होते. कुणालाही वाईट वाटलं नाही.

दोन वर्षांनी खुडबुड्यांची दाढ दुखू लागली. दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली एक चुणचुणीत मुलगी होती. औजारं हातात द्यायची, रुग्णांना बोलण्यात गुंतवायची. डॉक्टर हात धुवायला गेले तेव्हा तिने सहज विचारलं, कुठे काम करता. दाढ काढायची अजून बाकी होती, तेव्हा खुडबुड्यांना टेलिव्हिजन केंद्राचं नाव सांगता आलं. मुलीचे डोळे चमकले. तिने 'उरलेला निरोप' पाहिला होता. समोरच्या बिऱ्हाडात, वीस माणसांच्या गर्दीत उभ्याने, मुंग्यांनी भरलेल्या पडद्यावर. चित्र अर्धंच दिसत होतं, पण तो उसासा. तो उसासा ऐकल्यापासून आपण आठवडाभर नीट जेवलो नव्हतो, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. आणि मग विचारलं, "तो कुणाचा होता हो? त्या मिशीवाल्या नटाचा का?"

पण तेवढ्यात डॉक्टर परतले होते, दाढ निघाली होती, आणि खुडबुड्यांच्या तोंडात दोन्ही गालांत कापसाचे बोळे होते. त्यांनी हातवारे केले. मुलीला वाटलं दुखतंय. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

दाढेची जखम भरली तरी खुडबुडे आठवड्यातून दोनदा ती दाखवायला जात राहिले. डॉक्टरांनी एकदा तोंड उघडायला लावून सांगितलं की आता आत बघण्यासारखं काही नाही, जे काय आहे ते बाहेर आहे, तिलाच विचारा. त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. वर्षभरात लग्न झालं.

उसाशाचं मात्र राहूनच गेलं. आधी वाटलं, आत्ता सांगितलं तर मुलीला पटवायला थाप मारतोय म्हणेल. लग्नानंतर वाटलं, इतके दिवस का नाही सांगितलं म्हणून रुसेल. आणि मग लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना एक शोध लागला, त्यानंतर सांगायचा प्रश्नच उरला नाही.

झालं असं की घरात कडाक्याचं भांडण झालं होतं. चूक खुडबुड्यांची होती. बायकोच्या चांगल्या चादरीचा तुकडा कापून त्यांनी 'जहाजाचं शीड फडफडताना' करायला नेला होता. खुडबुडेबाई बोलायच्या बंद झाल्या. दुसऱ्या दिवशीही बंद. शेवटी खुडबुडे न्हाणीघरात गेले, दार लोटून घेतलं, आणि मनातल्या मनात तो न उघडलेला डबा आणून अगदी तोच उसासा सोडला. पाच मिनिटं झाली नाहीत तोच दारावर टकटक. खुडबुडेबाई गरम पाण्याचं पातेलं आणि टॉवेल घेऊन उभ्या. आवाज मऊ. "या बाहेर. थोडी वाफ घ्या. आणि हे घ्या वरून," म्हणून एक कडूजहर औषध पुढे केलं. भांडण संपलं होतं.

खुडबुडे वाफ घेता घेता टॉवेलाखाली गालातल्या गालात हसले. बाईंना स्वतःलाच कळलं नव्हतं की आपण का विरघळलो, पण त्यांना कळलं होतं. ते हत्यार त्यांनी जपून वापरलं. अडतीस वर्षांत फार तर दहा-बारा वेळा, आणि तेही पाणी अगदी गळ्याशी आल्यावरच. प्रत्येक वेळी तीच वाफ, तेच कडू औषध, तोच मऊ आवाज. प्रेम करायची तऱ्हा असते एकेकाची, असं समजून खुडबुडे ते औषध नाक दाबून प्यायचे.

आणि खुडबुडेबाई? त्यांच्या मनातून तो चित्रपट कधी गेलाच नाही. तो पुसला गेल्याचं कळल्यावर तर तो दरवर्षी थोडा थोडा सुधारत गेला. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिका रोज दुपारी चहाला यायच्या, त्यांनी त्याची गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की मधले दुवे त्याच पुरवायच्या. बाईंच्या सांगण्यात तार-कचेरी समुद्राकाठी गेली होती, बाहेर वादळ आलं होतं, आणि शेवटच्या तारेत काय लिहिलं होतं ते कुणाला ऐकूच आलं नव्हतं, कारण पाहणारे सगळेच रडत होते. खुडबुड्यांना बाईंनीच पूर्वी सांगितलं होतं की ऐकू आलं नव्हतं कारण त्याच वेळी समोरच्या बिऱ्हाडाचा ॲन्टेना पडला होता. पण ते गप्प राहायचे.

मग या वर्षी त्यांच्या लेकीचा फोन आला. लेक अंध मुलांच्या शाळेत शिकवते. केंद्राने आपली जुनी कपाटं उपसली होती, आणि गुरांच्या आजारांची व्याख्यानमाला भलत्याच फितीवर चढली होती असं निष्पन्न झालं होतं. 'उरलेला निरोप' शाबूत होता. कुणीतरी तो इंटरनेटवर चढवलाही होता. "आई, रविवारी दुपारी येते आणि मोठ्या पडद्यावर लावून देते," लेक म्हणाली.

खुडबुडेबाईंनी ठेवणीतले कपडे काढले. मुख्याध्यापिकाबाईंना रीतसर बोलावणं गेलं. खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले. खुडबुडे सकाळपासून घसा साफ करत होते. त्यांनी मनाशी ठरवलं होतं: उसासा येईल, बायकोच्या डोळ्यांत पाणी येईल, आणि मग आपण हळूच सांगू. अडतीस वर्षांची ठेव एकदम मोडायची तर याहून चांगला मुहूर्त कुठला.

चित्रपट सुरू झाला, आणि पहिल्या पाच मिनिटांतच काहीतरी चुकल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. समुद्र नव्हता. वादळ तर नव्हतंच. तार-कचेरी म्हणजे रंगवलेल्या पुठ्ठ्याच्या तीन भिंती, आणि नायिकेने दार लावलं की तिन्ही थरथरायच्या. भिंतीवरच्या घड्याळात सकाळ असो की संध्याकाळ, दहा वाजून वीस मिनिटंच झालेली. भूत खुर्ची ओढायचं तेव्हा खुर्चीच्या पायाला बांधलेला दोरा लख्ख दिसत होता. एकदा तर दोऱ्यामागोमाग एक हातही दिसला, मनगटावर घड्याळ असलेला. भुताने धुरातून प्रकट व्हायची तयारी केली की नायिकेला ठसका लागे आणि ती प्रेमाची वाक्यं खोकत खोकत म्हणे.

"त्या काळाच्या मानाने..." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आणि पुढचं त्यांना काही सुचलं नाही.

खुडबुडेबाई ताठ बसून होत्या. लेक ओठ घट्ट मिटून छताकडे बघत होती.

मग तो प्रसंग आला. टायपिस्टने दिवा मालवला. खुडबुड्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. अंधार झाला, आणि एकेचाळीस वर्षांमागचा तो उसासा खोलीभर पसरला.

"कुणाला तरी धाप लागलीये," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

खुडबुडेबाई थोडा वेळ थांबल्या. आणखी काही येतंय का याची वाट बघावी तशा. मग हळूच म्हणाल्या, "एवढाच होता होय?"

खुडबुड्यांनी खुर्चीचे हात सोडले. त्यानंतर पडद्यावर काय चाललंय ते त्यांना दिसेना. शेवटची चार मिनिटं आली. मिशीवाला नट चेहऱ्याला पावडर फासून प्रकट झाला, त्याने ती पोचायची राहिलेली तार नायिकेच्या हातात दिली, आणि नायिकेने ती कापऱ्या आवाजात वाचली: "सुखरूप आहे. काळजी नसावी. सविस्तर पत्र पाठवतो." संगीत वाजलं. संपलं.

"म्हणजे याच्यासाठी तो इतकी वर्षं अडकला?" लेक म्हणाली. "पत्र पाठवतो हे सांगायला?" आणि मग तिला हसू आवरेना. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा पुसायला घेतला, पण त्यांचेही खांदे हलत होते. खुडबुडेबाईंनी चहा टाकला. कुणी चित्रपटाचं नाव काढलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी जाताना खुडबुडेबाईंचा हात दाबला, एखाद्याच्या घरी वाईट घडल्यावर दाबतात तसा. लेकही संध्याकाळच्या आत निघाली.

दोघंच उरली. खुडबुडेबाई खुर्च्या जागच्या जागी लावत होत्या आणि स्वतःशीच बोलत होत्या. माणसाने तरुणपणीचं काही परत बघू नये, त्या म्हणाल्या. आणि तो उसासा तर काय, म्हाताऱ्या बैलाचा.

खुडबुड्यांच्या मनात होतं हळुवारपणे सांगायचं. तोंडातून बाहेर पडलं ते असं: "त्या म्हाताऱ्या बैलाशीच लग्न केलंस तू."

बाईंना आधी अर्थच लागला नाही. लागला तेव्हा पटला नाही. भूत बनवलं ते सगळं यांनी, पावलं यांची, पडदा यांचा, ते त्यांना माहीत होतंच. पण उसासा? तो नटाचा. तसं नटाने स्वतः एका मुलाखतीत सांगितलं होतं. तो खोटं बोलला, खुडबुडे म्हणाले. मग तुम्ही खरं कशावरून, बाई म्हणाल्या. आता प्रश्न इभ्रतीचा झाला. खुडबुडे तरातरा न्हाणीघरात गेले, दार लोटलं, डोळ्यांपुढे तो डबा आणला, आणि उसासा सोडला. वय एकोणसत्तर झालं होतं, पण उसासा जसाच्या तसा होता.

 बाहेरून बाईंचा आवाज आला, पण मऊ नव्हे.

"अहो, हा तर तुमचा दमा."

खुडबुडे बाहेर आले. "कसला दमा?"

मग एकेक उलगडत गेलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी न्हाणीघरातून तो आवाज आला तेव्हा खुडबुडेबाई हातातलं काम टाकून उठल्या होत्या. नवऱ्याची छाती कमकुवत आहे आणि तो आपल्यापासून लपवतोय, असं त्यांनी ओळखलं, म्हणजे ओळखलं असं त्यांना वाटलं. तेव्हा वाफ आणि घरातलं खोकल्याचं कडू औषध देऊन वेळ निभावली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी दातांच्या डॉक्टरांना विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं की हे माझं क्षेत्र नव्हे, पण वाफ द्यायला हरकत नाही. कडू औषधही चालू ठेवा, असं ते म्हणाले होते. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या नवऱ्याची छाती शेकत होत्या, खिडक्यांच्या फटी कागदाने बुजवत होत्या. समुद्राकाठी बदली आली होती तेव्हा दमट हवा यांना मानवणार नाही म्हणून त्यांनीच मोडता घातला होता. मांजर पाळायची त्यांची फार हौस होती, तीही केसांमुळे सोडून दिली होती. आणि भांडण कितीही रंगात आलेलं असलं तरी तो आवाज कानावर आला की त्या माघार घ्यायच्या. आजारी माणसाशी काय भांडायचं.

"आणि मी समजत होतो..." खुडबुडे म्हणाले आणि थांबले.

"काय समजत होता?"

"की तू विरघळतेस."

खुडबुडेबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांना तिथल्या तिथे खराच दमा लागेल असं वाटलं. बारा भांडणं. त्यांनी बोटांवर मोजली. त्या सगळ्या भांडणांत बरोबर त्या होत्या, आणि बारा वेळा यांनी त्यांना फसवून ती जिंकली होती. शिवाय ती वाफ. शिवाय ते मांजर. "लग्नाआधीच का नाही सांगितलंत?"

"तोंडात कापूस होता."

"कापूस अर्ध्या तासात निघाला होता."

 बाईंनी दोन दिवस अबोला धरला. या खेपेला न्हाणीघरात जाण्यात काही अर्थ नव्हता. खुडबुडे निमूट भांडी घासत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अजिबात आवाज न करता. तिसऱ्या दिवशी सकाळी बाई चहाचा कप घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, खरं सांगा, तेव्हा तुमच्या मनात काय होतं. तो उसासा सोडताना.

खुडबुड्यांना थाप सुचली होती. चांगली सुचली होती. पण थापांनी पुरे झालं होतं. "भूक लागली होती," ते म्हणाले. "सकाळपासून तो माणूस जेवू देत नव्हता. मला त्याचा राग यायला हवा होता, पण तेवढंही त्राण नव्हतं."

बाईंनी कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या माहेरी सगळेच थकलेले असायचे. वडील थकून आले की आरडाओरडा करायचे, आई थकली की भांडी आपटायची. थकलेला माणूस म्हणजे रागावलेला माणूस, एवढंच त्यांना माहीत होतं. आणि त्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडात, गर्दीत टाचा उंचावून उभ्या असताना त्यांनी पहिल्यांदा कुणीतरी थकलेलं ऐकलं, ज्याचा कुणावरच राग नव्हता. त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. त्यांना वाटलं, असा माणूस कुठेतरी आहे.

"म्हणजे तू भुकेल्या माणसाच्या प्रेमात पडलीस," खुडबुडे म्हणाले.

"त्यात काय वाईट झालं," बाई म्हणाल्या. "पण मांजर आणायचं."

त्याच आठवड्यात एक राखाडी मांजर घरी आलं. खुडबुड्यांना मांजर आवडत नसे, पण आता छातीचं कारण सांगायची सोय राहिली नव्हती.

लेकीला हे सगळं कळलं तेव्हा ती इतकी हसली की तिला फोन ठेवून पुन्हा करावा लागला. मग तिच्या डोक्यात आलं की हा चित्रपट आपल्या वर्गाला ऐकवावा. चित्र नाहीच, नुसता आवाज. बुधवारी सकाळी तिने खुडबुड्यांना शाळेत बोलावलं. बाईही बरोबर गेल्या, नवरा तिथे जाऊन आणखी काय थापा मारतो ते बघायला.

चौदा-पंधरा मुलं-मुली बाकांवर बसली होती. दिवे, पडदे, काही करावं लागलं नाही. लेकीने आवाज लावला आणि दीड तास वर्गात कुणी हललं नाही. पुठ्ठ्याच्या भिंती नव्हत्या, दोरा नव्हता, घड्याळ नव्हतं, पावडर नव्हती. एक लंगडा बूट होता, लाकडी जमिनीवरून हळूहळू जवळ येणारा. तारयंत्र होतं. नायिकेचा खोकला आला तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, तिला क्षय आहे, ती जगत नाही बघ. उसासा आला तेव्हा खुडबुड्यांनी चोरून बायकोकडे पाहिलं. ती डोळे मिटून बसली होती, आणि तिने त्यांना कोपराने ढोसून गप्प बसायची खूण केली. ते गप्पच होते.

'सविस्तर पत्र पाठवतो' ऐकून वर्गात जे माजलं ते लेकीला दहा मिनिटं आवरेना. त्या पत्रात काय असणार यावर दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, पत्र आलंच नाही आणि तेच खरं दुःख. दुसऱ्या तटाचं म्हणणं, पत्र आलं असणार, टायपिस्टने ते लपवलं.

मग खुडबुड्यांनी एकेक करामत दाखवली. मुलं पहिल्या फटक्यात ओळखत गेली. पाऊस? हा पाऊस नाही काका, कागद आहे. बर्फातली पावलं? हे पीठ आहे, पुरचुंडीतलं. चौतीस वर्षं अख्ख्या मुलखाला फसवलेल्या माणसाची इथे डाळ शिजेना. खुडबुडे घामाघूम झाले आणि फार खूश झाले.

सगळं आटोपल्यावर मागच्या बाकावरच्या त्या मुलीने हात वर केला. तिला एक समजलं नव्हतं. भूत दुसऱ्यांदा खुर्ची ओढतं ना, ती म्हणाली, तेव्हा त्याला शिंक का येते?

खुडबुडे म्हणाले, तिथे शिंक नाही. मुलगी म्हणाली, आहे. दाबलेली. नाक धरून. लेकीने तो भाग पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला खुडबुड्यांनाही ऐकू आली. बारीकशी, पण शिंकच. एकेचाळीस वर्षं ती तिथे होती, आणि दिग्दर्शकाला, वरिष्ठांना, खुद्द खुडबुड्यांना तिचा पत्ता नव्हता.

परतताना ते रस्ताभर बजावत होते की ती शिंक दिग्दर्शकाची, तो त्या दिवशी सर्दीने बेजार होता, आपण कामाच्या वेळी कधीच शिंकलो नाही, कुणालाही विचार. खुडबुडेबाई शांतपणे पिशवी सांभाळत चालत होत्या. घराच्या दाराशी आल्यावर त्यांनी कुलपात किल्ली घातली आणि म्हणाल्या, पुढच्या बुधवारी त्या पोरीला विचारू. ती सांगेल कुणाची ते.